पाच दिवस दूध टाकावे

नांदेड,
१७ मार्च २०२५

चि. वैजू,

तुला ताईचे पोटभर आशीर्वाद. तिकडे थंडी किती आहे, मोजे वाळतात का, नाक वाहतं का, सगळं कळव. फौजी झालास तरी नाक तेच असणार. चौकीवर फोन लागत नाही म्हणून या वयात मला पुन्हा पत्र लिहायला लावलंस. ऑफिसात बारा महिने टिपण्या लिहून माझं मराठी पार वाळलंय, सांभाळून घे.

होळीला डोंगरकड्याला आले. हळद निघाली, शिजवायचं चालू आहे. अंगणभर वाफ, मायचे हात कोपरापर्यंत पिवळे, आणि अप्पा बॉयलरपाशी खुर्ची टाकून हुकूम सोडायला मोकळे. मला बघितल्या बघितल्या म्हणाले, "आली का ढोराची डॉक्टर? किती दिस झाले ढोराला हात लावून?" मी म्हटलं, अप्पा, मी आता ढोरांचं धोरण बघते. तर म्हणतात, "धोरणाला शेपूट असतं का?" परभणीहून डिग्री घेऊन आले त्या दिवसापासून हा माणूस माझी टिंगल करतोय. कळमनुरीच्या दवाखान्यात म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायचे, तेव्हा तरी कुठं खूश होते? तेव्हा म्हणायचे, पोरीच्या जातीला शोभतं का.

गावानं माझा सत्कार केला, हे तुला कळलंच असेल. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आमच्या कक्षाचा बोर्ड रंगवलाय. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'मजकूर : डॉ. निता किसनराव, दूध सुरक्षा कक्ष, मुंबई'. रंगारी भीमसिंगनं हौसेनं नाव घातलं, मी सांगितलं नव्हतं. नारळ फोडला, शाल दिली. तीन वर्षं आम्ही नऊ जण बसलो होतो, दीडशे पानी मार्गदर्शिका केली, आणि शेवटी गावासाठी त्यातून दोनच वाक्यं काढली. 'इंजेक्शन झालेल्या जनावराचे दूध पाच दिवस घरात वापरू नये. टाकावे.' ही दोन वाक्यं माझी. जनावराला टोचलेलं औषध काही दिवस दुधात उतरतं, ते माणसाच्या पोटात जाऊ नये, एवढीच गोष्ट. आपल्या जिल्ह्यातल्या काही गावांत वर्षभर बोर्ड लावून बघितले, निकाल उत्तम आला, आता एक एप्रिलपासून राज्यभर भिंती रंगणार आहेत. आणि मला दिल्लीला बोलावलंय, तिथल्या धोरणाच्या कामावर. म्हणजे तुझी ताई आधी भिंतीवर चढली, आता दिल्लीला चढणार.

नांदेडला काहून आले म्हणशील. तुझ्या सृष्टीला जरा अंगावर खाज उठली होती, म्हणून दाखवायला आणलं. बरी आहे आता. काळजी करू नकोस. माय आणि पुनम तिच्यापाशी आहेत. पुनमनं तुला नमस्कार सांगितलाय. म्हणजे, सांगितला नाही, ती झोपेला आली आहे, पण सांगितलाच असता.

अक्षर वाकडं आलंय. बसायला नीट जागा नाही.

एक विचारायचं होतं, सहजच. लहानपणी सकाळी किटली घेऊन आपण निघायचो, तेव्हा माय मागून काय ओरडायची, आठवतं का तुला? नेमका शब्द कोणता?

काही विशेष नाही. आठवलं तर कळव.

तुझी,
ताई

&nbsp;

डोंगरकडा,
२१ मार्च २०२५

वैजू,

आधी हे वाच, मग बाकीचं. सृष्टी बरी आहे. धडधाकट आहे. जेवते, भांडते, दात पडलाय तो दाखवत फिरते. हे खरं आहे. मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते खरं नव्हतं. ते फाडून टाक.

सृष्टी मरता मरता वाचली, वैजू. दूध पिऊन. आणि ते दूध मी माझ्या हातानं पाजलं.

पंधरा तारखेची सकाळ. आदल्या दिवशी रंग खेळून पोरीला सर्दी झालेली. पुनमनं दूध तापवलं, त्यात चिमूटभर हळद घातली, तर पोरगी हट्टाला पेटली, 'आत्या पाजेल तरच पिते.' मी ग्लास धरला. माझी ऐट बघ, मी तिला म्हटलं, पी गं, आत्या दुधाचीच डॉक्टर आहे. अर्धा ग्लास गेला नसेल तर ती हात खाजवायला लागली. मग मान. मग ओठ सुजले, आणि मग तिचा श्वास असा वाजायला लागला की मी आजवर कुठल्या लेकराचा असा ऐकला नव्हता. जनावरांचा ऐकलाय. म्हणून मला कळलं, हे काय आहे ते.

माझ्या बॅगेत काय होतं सांगू? लॅपटॉप, आणि सत्काराच्या भाषणाचे कागद. कळमनुरीला होते तेव्हा यावरचा उतारा, ॲड्रेनलिन, माझ्या पेटीत कायम असायचा, गाईम्हशींसाठी. त्या सकाळी माझ्याकडे साधी सुईसुद्धा नव्हती. मी तिला उचललं आणि तशीच अनवाणी पळत सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं सपना म्हणून सिस्टर आहे, तिनं बघितलं आणि एक शब्द न विचारता मांडीत इंजेक्शन दिलं. ती विचारत बसली असती तर आज मी हे पत्र लिहीत नसते. तिथून गाडीनं नांदेड, दोन दिवस ऑक्सिजन. माय सारखी म्हणत होती, 'वैजूला सांगू नका, लेकरू तिकडं बर्फात, त्याच्या हातून काही वंगाळ व्हायचं.' म्हणून मी ते खाजेचं लिहिलं. पण फक्त मायसाठी लिहिलं असं नाही, ते पुढं येईल.

तुला आठवतं, सृष्टी तान्ही असताना न्यूमोनियाला पेनिसिलीन दिलं आणि अंगावर गांधी उठल्या होत्या. तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे औषध या पोरीला जन्मात द्यायचं नाही. पुनमनं ते वाक्य देवासारखं जपलंय. कुठल्याही दवाखान्यात गेली की आधी तेच सांगते, नाव-गाव नंतर. नांदेडच्या डॉक्टरांनाही तिनंच पहिलं सांगितलं. ते म्हणाले, मग औषध गेलं कसं पोटात? आम्ही म्हटलं, औषध नाही दिलं हो, नुसतं दूध प्यायली. ते माझ्याकडं बघत राहिले. मी काय काम करते हे त्यांना माहीत नव्हतं, तरी मला वाटलं की माहीत आहे.

मी पुनमला बाहेर नेलं. पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून विचारलं, "पुनम, दूध कुठलं होतं ते?"

"डेअरीचं."

"डेअरीचं काहून? चंद्री आटली का?"

"न्हाई, देती की. पर तिला दगडी झाली व्हती ना, कास सुजून टम्म. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले. मंग तुमचंच न्हाई का बोर्डावर, पाच दिवस घरात वापरायचं न्हाई? म्हणून सृष्टीसाठी डेअरीवरून लिटर लिटर आणून राहिले. तिला ते चालत न्हाई ना ताई, म्या लई जपते."

मला बरं वाटलं, वैजू. एवढंसं बरं वाटलं. मी म्हटलं, "शाबास. आणि चंद्रीचं दूध?"

"टाकलं की."

"कुठं टाकलं?"

"कुठं म्हंजे? डेअरीवर. थेंबबी ठिवला न्हाई घरात."

मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, जरा सावकाश, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं. "डेअरीवर टाकलं, ताई. समदे टाकतेत. सध्या गावात लई ढोरांना दगडी हाय, समदे बोर्डापरमानं करून राहिले."

मला हसू आलं. खरं सांगते, मी हसले. पुनम घाबरून माझा दंड धरून उभी राहिली. मग मी तिथंच ओल्या फरशीवर बसले. आता तुला कळलं असेल, मायचा शब्द काहून विचारला तो. 'ए निते, ए वैज्या, दूध टाकून या रे!' रोज सकाळी. पाऊस असो, परीक्षा असो. दहा वर्षं मी डेअरीला दूध टाकलंय. ओतलं नाही, दिलं नाही, विकलं नाही, 'टाकलं'. आपल्याकडं दुसरा शब्दच नाही त्याला. आणि राज्यभरासाठी वाक्य लिहिताना मला हे आठवलं नाही. नऊ जणांतल्या एकालाही आठवलं नाही, आणि नऊच्या नऊ मराठी होते.

ती बैठक मला आता रोज दिसते. आधी 'फेकून द्यावे' असं होतं. एक जुने सदस्य कळवळले, म्हणाले, दूध म्हणजे लक्ष्मी, लक्ष्मी फेका असं सरकारनं सांगायचं? लोक बोर्डाला शेण फासतील. 'नष्ट करावे' म्हटलं तर ते पंचनाम्यासारखं वाटत होतं. मग मी बोलले. मोठ्या तोऱ्यात बोलले, मी डोंगरकड्याची आहे, मला गावची भाषा ठाऊक आहे, 'टाकावे' लिहू. सौम्य आहे, सोपं आहे, गावचं आहे. सगळ्यांना पटलं. टेबलं वाजवली रे त्यांनी. आणि खरंच गावचं निघालं, इतकं गावचं की गावानं बराबर ऐकलं.

सोळा तारखेला सकाळी मी एकटीच गावात आले, आणि तडक डेअरीवर गेले. तो कुलदीप, तुझ्या वर्गातल्याचा धाकटा भाऊ, तोच आता संकलन बघतो. मला बघून खुर्ची पुसायला लागला. मी विचारलं, इंजेक्शन झालेल्या ढोरांचं दूध येतं का रे इकडं? तर छाती फुगवून म्हणतो, "येतं म्हंजे काय ताई! तुमचा बोर्ड लागल्यापासून कलेक्शन वाढलं ना. आधी बाया आजारी ढोराचं दूध घरीच ठिवायच्या, दही लावायच्या, कुत्र्याला घालायच्या. आता पाच दिवस थेंबन्थेंब हिकडं टाकतेत. तुमची मेहरबानी."

मेहरबानी म्हणाला, वैजू.

आणि हे कलेक्शन वाढल्याचं मला आधीपासून माहीत होतं. माझ्या ऑफिसात त्याचा रंगीत तक्ता आहे. 'बोर्ड लावलेल्या गावांत दूध संकलनात वाढ', त्याखाली मी स्वतः लिहिलं होतं, 'शेतकऱ्यांचा विश्वास वाढल्याचे हे लक्षण होय.' मंत्रालयात तो तक्ता दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. त्या तक्त्यावरच दिल्लीचं बोलावणं आलं. मी त्या डेअरीत कॅनला टेकून उभी होते आणि मला तो तक्ता दिसत होता, वर वर चढत जाणारी हिरवी रेघ. त्या रेघेत काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

टँकरनं जे पुढं जातं त्याची प्लँटवर तपासणी तरी होते. पण गावातल्या बाया लेकरांसाठी किटलीनं जे परत घेऊन जातात, त्याची कोण करतो? कुलदीपकडं फॅट बघायचं मशीन आहे, बस. मी कॅनमधलं थोडं दूध बाटलीत भरून तपासायला पाठवलं. बुधवारी उत्तर आलं. पेनिसिलीन होतं, दगडी झालेल्या ढोरांना तेच टोचतात. उकळून ते जात नाही, हे मी शिकलेली बाई भाषणात सांगत फिरते.

आता ते सांगते जे लिहायला हात जड झालाय.

टाकीपाशी मला सगळं कळलं त्याच वेळी माय बाहेर आली. पुनम समोर दिसली आणि मायचा तोल गेला. "म्या म्हणलं व्हतं का न्हाई हिला, घरी दुभतं असताना लेकराला डेअरीचं पाजू नको? पर ही शहाणी! दहावी झाली नं! हिनंच मारलं असतं माझ्या नातीला." सगळ्या दवाखान्यासमोर. पुनम खाली मान घालून उभी. घरचं पाजलं असतं तर त्यात औषध आणखी जास्त होतं, हे मला माहीत होतं. पुनमनं जे केलं ते माझ्या शब्दाबाहेर नव्हतं, हे मला माहीत होतं. आणि मी गप्प बसले. पदराला लागलेलं पाणी पिळत बसले. सोळाला गावात जाऊन आले, परत दवाखान्यात गेले, तरी गप्प. सतराला तुला खाजेचं पत्र लिहिलं. दिल्ली डोळ्यांपुढं होती का? होती. खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त म्हणजे मला माझंच खरं वाटत नव्हतं. रोज सकाळी वाटायचं, मी कुठं तरी चुकीचं ऐकलंय.

माय रोज तेच बोलत होती. पुनम रोज तसंच ऐकत होती. वर मला म्हणते, "ताई, माझंच कायतरी चुकलं असंल. बोर्ड नीट वाचला नसंल म्या." तिनं बरोबर वाचला होता रे! मराठवाड्यात जो माणूस तो बोर्ड वाचेल तो तसाच वाचेल!

मग बुधवारी मुंबईला साहेबांना फोन केला, सगळं सांगितलं, भिंती थांबवा म्हटलं. ते म्हणाले, "मॅडम, घाबरू नका. 'फेकून' शब्द रंगाऱ्यानं गाळला असं दाखवू. शुद्धिपत्रक काढू. तुमचं दिल्लीचं अडायला नको." रंगाऱ्यानं! भीमसिंग तांड्यावरून सायकलवर येतो, प्रत्येक काना-मात्रा कागदावर बोट ठेवून उतरवतो. मी असं भडकले, वैजू, की फोनवरच साहेबांना म्हटलं, लाज वाटू द्या. मग त्याच दिवशी सगळ्या वरिष्ठांना लिहून पाठवलं की वाक्य माझं आहे, शब्द माझा आहे, रंगाऱ्याची, शेतकऱ्याची, डेअरीची कोणाचीच चूक नाही, आणि एकही नवीन भिंत रंगवू नका. भिंती थांबल्या. दिल्लीही थांबली. माझ्यावर चौकशी लागेल, ती लागू दे.

मला वाटलं, झालं. सगळ्यात अवघड ते करून झालं. घरी सांगणं सोपं जाईल.

काल सकाळी अंगणात सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, हे तुला सांगितलं तसंच. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे दुधात खोट न्हाई, ढोरात खोट न्हाई, खोट बोलीत हाय म्हण की." आणि उठून हळदीकडं गेले. जाताना पुनमच्या डोक्यावर हात ठेवला, एवढं मी बघितलं.

पण माय! माय माझ्याकडं बघून हसली. म्हणाली, "तू लई मनाची मोठी हाईस गं. हिला वाचवायला सोताच्या अंगावर घेऊन राहिलीस. पर म्या तुला जलम दिला, तू अशी चुकनार न्हाईस. सरकार तुला शाल देतं अन् तू चुकशील व्हय?" मी शपथ घेतली. म्हणाली, शपथा खाऊ नको. मी तपासणीचा निकाल दाखवला. म्हणाली, कागदं तर तुझेच हायेत. मी रडले. तर मलाच जवळ घेऊन पाठ थोपटायला लागली. मी डोकं आपटायचं बाकी ठेवलं. आयुष्यभर या बाईनं माझं कौतुक करावं म्हणून मी मरमर केली, आणि आता ते कौतुक तसूभर हलत नाही.

आणि पुनम काय म्हणाली माहितीय? मायसमोर म्हणाली, "ताई, जाऊ द्या ना. तुमचं नाव काहून खराब करता माझ्यापायी." पुनमसुद्धा! तिलाही खरं वाटत नाही, की तिला वाटतं पण माझी दया येते, मला कळलं नाही. दोन्हींतलं काय जास्त वाईट, तेही कळत नाही.

दुपारी मी चुन्याची बादली घेऊन बोर्ड पुसायला गेले. गावातले चार जण आडवे आले, "ताई, तुमच्या नावाचा बोर्ड हाय, पुसू देनार न्हाई." त्यांच्याशी भांडून पुसला. भीमसिंगला बोलावलं, नवीन वाक्य सांगितलं, 'हे दूध डेअरीला देऊ नका, विकू नका, खड्डा करून मातीत ओता.' त्यानं कुंचला रंगात बुडवला आणि तसाच धरून उभा राहिला. म्हणाला, "म्याडम, दूध मातीत ओता... असं लिवायला माझा हात व्हईना." मग त्याच्या हातातून घेऊन मी लिहिलं. अक्षरं वेडीवाकडी आली, ओघळ आलेत. नाव घातलं नाही. सृष्टी शेजारी उभी राहून एकेक अक्षर वाचत होती. वाचून झाल्यावर विचारते, "आत्या, मग टाकणं म्हंजे काय असतं?" खुर्ची टाकतात, सडा टाकतात, चहात साखर टाकतात, पोरगी शाळेत टाकतात. सांगू तरी काय लेकराला.

आज सकाळी आणखी एक अर्थ कळला. मी अंघोळ करून येईपर्यंत पुनमची पिशवी भरून झाली होती. मायनं तिला कुरुंद्याला माहेरी जायला सांगितलं, सृष्टीला घेऊन, 'वैजूचा निरोप येईपर्यंत तिकडंच ऱ्हा.' मी दारात आडवी झाले. पुनमनंच माझा हात बाजूला केला. म्हणाली, "आज गेलेलं बरं, ताई." तिला स्टँडवर सोडून मी परत येत होते, तर हापशावरच्या बाया मला ऐकू जाईल एवढ्यानं एकमेकींना विचारत होत्या, "किसनरावच्या सुनंला टाकली का काय गं?"

टाकली.

तो शब्द ऐकून मी रस्त्यात उभी राहिले. त्या बायांना मी काय म्हटलं ते इथं लिहीत नाही, तुझ्या ताईच्या तोंडी शोभणारं नव्हतं.

महिनाअखेर तू चौकीवरून खाली उतरशील आणि पहिला फोन मायला करशील. माय तिचं सांगेल. रडेल. म्हणेल, असली बाई घरात नको. तू मायच्या शब्दाबाहेर नाहीस, हे मी तुला अंगाखांद्यावर खेळवलं तेव्हापासून बघतेय. माझं ती ऐकत नाही, कारण तिच्या मनात मी चुकूच शकत नाही. तुझं ऐकेल. म्हणून हे पत्र त्या फोनच्या आधी पोचावं म्हणून आजच नांदेडला जाऊन टाकणार आहे. बघ, पत्रही टाकतातच. हे तरी नीट जागी पडू दे.

माझ्यावर चीड. हवं ते बोल, सुट्टीत आलास की अंगणात उभं करून बोल, मी ऐकून घेईन. तुझ्या लेकराला मी माझ्या हातानं पाजलं, आणि तुझ्या बायकोला पाच दिवस माझ्या डोळ्यांदेखत बोलणी खाऊ दिली. पहिल्याची मला जन्मभर भीती वाटत राहील. दुसऱ्याची लाज वाटते.

मला उत्तर लिहू नकोस. आधी तिला लिही. पत्ता तुझ्या सासऱ्यांचाच, कुरुंदा, ता. वसमत. दोन ओळी लिही, पण स्पष्ट लिही, एकच अर्थ निघेल अशा. मी तुझ्या पाया पडते, वैजू, मोठी असून पडते. तिला टाकू नकोस.

ते वाक्य लिहिणारी,
तुझी ताई